काम झालं असल्यास उत्तर येणार नाही

अखिल भारतीय बारदान महामंडळाच्या लखनौ विभागीय कार्यालयात १९९५ च्या मार्च महिन्यात संगणक आला, आणि तो कोणीतरी शिकणं प्राप्त झालं. कार्यालयात एकंदर एकवीस माणसं. त्यांतल्या सतरा जणांनी वयाचं कारण पुढे केलं, तिघांनी डोळ्यांचं. उरले दिनकर काळमेघ, सहायक प्रबंधक, गोण्या व सुतळी. वय त्यांचंही सेहेचाळीस होतं आणि चष्मा सगळ्यांत जाड होता. पण त्यांना अमरावतीला बदली हवी होती, आणि मुख्यालयाचं ताजं परिपत्रक सांगत होतं की यापुढे इच्छित स्थळी बदलीसाठी फक्त संगणक-परिचय प्रमाणपत्र असलेल्या अधिकाऱ्यांचाच विचार करण्यात येईल.

दिनकरराव लखनौला तीन वर्षांसाठी म्हणून आले होते, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. तेलीबागेतलं भाड्याचं घर तेव्हापासून तेच. मुलगी अश्लेषा आली तेव्हा दोन वर्षांची होती. आता सातवीची परीक्षा देत होती आणि मराठी तिला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. दिनकररावांनी "जेवलीस का गं?" विचारलं की ती म्हणायची, "हाँ पापा, कब का।" त्यांची बायको लतिका हे रोज ऐकायची. शेवटी तिने एका रविवारी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, "हे बघा, नववीच्या आत आपण घरी गेलो पाहिजे. मग तुम्ही संगणक शिका नाहीतर सुतारकाम."

तेव्हा दिनकरराव संगणक शिकायला बसले.

संगणक नियमानुसार सर्वांत कमी दराच्या निविदेतून आला होता, त्यामुळे त्याच्यातली प्रणालीही तशीच होती. घराणं युनिक्सचं, पण घरातलं सगळं सामान विकून झाल्यावर जे काही उरेल तेवढीच. कुठल्याशा परदेशी विद्यापीठात विद्यार्थ्यांना शिकवण्यापुरती तयार केलेली, नऊ फ्लॉप्यांत मावणारी. चित्रं नाहीत, रंग नाहीत, माउस नाही. काळा पडदा, आणि डाव्या कोपऱ्यात डॉलरचं एक हिरवं चिन्ह. त्या चिन्हापुढे दोन-तीन अक्षरांचा हुकूम टाईप करायचा, उजवीकडची मोठी कळ दाबायची, आणि वाट पाहायची. दिनकररावांची एकोणीस वर्षांची नोकरी वाट पाहण्यातच गेली होती, त्यामुळे निदान तेवढा भाग त्यांना जमेल असं सगळ्यांना वाटलं.

शिकवायला आठवड्यातून एकदा, बुधवारी, मुजतबा साहेब येत. टेलिफोन खात्यातून मुदतीआधी बाहेर पडलेले, पांढऱ्या दाढीचे, पान खाऊन आलेले असले तरी संगणकाच्या खोलीत शिरताना चूळ भरून येणारे गृहस्थ. पहिल्या बुधवारी त्यांनी फाइलची नक्कल कशी करायची ते दाखवलं, फाइल काढून कशी टाकायची ते दाखवलं, छापायला कशी धाडायची ते दाखवलं, आणि "मश्क़ करते रहिए, हुज़ूर" असं सरावाचं बजावून निघून गेले.

गुरुवारी दिनकररावांनी पहिला हुकूम दिला. सीतापूर गोदामातल्या फाटक्या गोण्यांच्या यादीची एक नक्कल करावी. कळ दाबली. पडद्यावर पुन्हा डॉलरचं चिन्ह आलं. बाकी काही नाही. 'हुकूम मिळाला' नाही, 'कार्यवाही सुरू आहे' नाही, 'योग्य त्या मार्गाने सादर करावे' असंही नाही.

आता, कोणत्याही सरकारी माणसाने यावर जे केलं असतं तेच दिनकररावांनी केलं. त्यांनी स्मरणपत्र धाडलं. कार्यालयाच्या प्रथेप्रमाणे पहिलं स्मरणपत्र पंधरा दिवसांनी जातं, पण यंत्र वेगवान आहे हे लक्षात घेऊन त्यांनी पंधरा मिनिटं थांबून तोच हुकूम पुन्हा टाईप केला. पुन्हा डॉलर. मग दुसरं स्मरणपत्र. मग तिसरं, या वेळी कळ जरा जोरात दाबून, म्हणजे विषयाची निकड पोहोचावी. संध्याकाळी पाचला त्यांनी आपल्या वहीत नोंद केली: 'नक्कल करण्याबाबत चार वेळा कळवले. उत्तर अप्राप्त.'

शुक्रवारी फाइल काढून टाकण्याचा धडा होता. दिनकररावांनी एक निरुपयोगी फाइल निवडली, हुकूम दिला, आणि नेहमीप्रमाणे काहीच झालं नाही. पंधरा मिनिटांनी त्यांनी स्मरणपत्र दिलं. आणि काय आश्चर्य, यंत्र पहिल्यांदाच बोललं! इंग्रजीत एक ओळ उमटली, तिचा अर्थ, अशी कोणतीही फाइल अस्तित्वात नाही.

दिनकररावांना खरोखर आनंद झाला. ही भाषा त्यांच्या ओळखीची होती. आधी गप्प बसायचं, आणि स्मरणपत्र आलं की फाइल सापडत नाही म्हणून कळवायचं, हे तर मुख्यालयाचं वळण. एवढं लहानसं यंत्र पंधरवड्यात कार्यालयात इतकं मुरलं, याचं कौतुक वाटून त्यांनी आवक-जावकच्या हरिहर बाबूंना बोलावून ती ओळ दाखवली. हरिहर बाबूंनी चष्मा वर करून वाचली आणि मान हलवली.

"बाबू आदमी है," ते म्हणाले. "परमानेंट कर दीजिए।"

खरा घोटाळा झाला तो त्याच दिवशी दुपारी, छपाईच्या धड्याला. प्रिंटर शेजारच्या वातानुकूलित खोलीत होता, त्या खोलीला कुलूप होतं, आणि किल्ली विभागीय प्रबंधक टंडन साहेबांच्या खिशात होती, जे एका लग्नासाठी कानपूरला गेले होते. दिनकररावांनी फेब्रुवारीचा निरंक अहवाल, म्हणजे या महिन्यात कळवण्यासारखं काहीही घडलं नाही असं कळवणारा अहवाल, छापायला धाडला. उत्तर नाही. त्यांनी स्मरणपत्रं द्यायला सुरुवात केली. शुक्रवारी अठरा दिली, शनिवारी वीस. सोमवारी टंडन साहेबांनी खोली उघडली तेव्हा प्रिंटरखाली एकोणचाळीस निरंक अहवाल पडले होते, आणि दिनकरराव दारात उभे राहून त्या ढिगाकडे पाहत होते. आपल्याला शिकवणाऱ्या मुजतबा साहेबांची त्यांना प्रथमच दया आली.

पण कार्यालयात एकदा कागद छापला गेला की तो जावक झाल्यावाचून राहत नाही. हरिहर बाबूंनी एकोणचाळीस क्रमांक टाकले आणि एकोणचाळीस लिफाफे रवाना केले. महिन्याने मुख्यालयाचं पत्र आलं. इतर विभाग दरमहा एकच निरंक अहवाल पाठवतात. लखनौ विभागाने दाखवलेल्या जागरूकतेची नोंद घेण्यात आली आहे.

मुजतबा साहेबांना हे कळलं. ते खुर्ची ओढून समोर बसले.

"काळमेघ साहब, बुरा न मानें तो एक बात अर्ज़ करूँ। आपने जितनी बार हुक्म दिया, इसने उतनी बार तामील की।"

"मगर इसने बताया नहीं।"

"यही तो इसका मिज़ाज है। काम हो जाए तो ये ढोल नहीं पीटता। चुप रहता है। चुप है, यानी हो गया। बोलता तभी है जब इससे कुछ न बन पड़े। जो गिरा, वही चीख़ा। बाक़ी सब ख़ैरियत।"

दिनकररावांनी चष्मा काढून पुसला. त्यांना गहिवरून आलं होतं, आणि ते लपवावं असंही त्यांना वाटलं नाही. एकोणीस वर्षांत त्यांनी वर जी जी पत्रं लिहिली होती, घरभाड्याची, पंख्याची, बढतीची, सात वेळा बदलीची, त्यांतल्या एकालाही उत्तर आलं नव्हतं. आपली कोणी दखलच घेत नाही अशी त्यांची आजवर समजूत होती. त्यांनी त्या सगळ्या पत्रांकडे आता नव्या नजरेने पाहिलं. पंखा मात्र अजून फिरत नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं, पण शिकाऊ माणसाने पहिल्याच दिवशी शंका काढू नयेत म्हणून त्यांनी तो विचार बाजूला ठेवला.

प्रमाणपत्राच्या परीक्षेत शेवटचा प्रश्न वीस गुणांचा होता. 'प्राप्त ज्ञानाचा कार्यालयीन कामकाजात कसा उपयोग कराल?' दिनकररावांनी मन लावून तीन कलमं लिहिली. एक, सोपवलेलं काम पूर्ण झाल्यास त्याबाबत कोणतंही उत्तर देण्यात येऊ नये. दोन, काम न झाल्यास, आणि केवळ तेव्हाच, उत्तर देण्यात यावं. तीन, असं उत्तर ज्याच्या हातून काम झालं नाही त्यानेच, स्वतःच्या नावानिशी, कारणांसह, तीन प्रतींत द्यावं. यामुळे कागद वाचेल, वेळ वाचेल, आणि उत्तर आलं की दोष नेमका कुठे आहे ते चटकन कळेल, असा त्यांचा प्रामाणिक हेतू होता. पुढे ते स्वतःच म्हणायचे, की माझ्या हातून जे जे नुकसान झालं ते सगळं प्रामाणिक हेतूनेच झालं, आळसाने मी कधी कोणाचं वाईट केलं नाही.

उत्तरपत्रिका टंडन साहेबांच्या हातून वर जायची होती. टंडन साहेबांनी ती वाचली, पुन्हा वाचली, चहा मागवला, आणि दिनकररावांना आत बोलावलं.

"काळमेघ जी, ये आपने लिखा है?"

"जी, वो मुजतबा साहब ने…"

"नहीं नहीं। इतनी बड़ी चीज़ को परीक्षा में मत गँवाइए।" टंडन साहेब दारापर्यंत जाऊन दार लावून आले. "यानी जो जवाब न दे, उसका काम हो चुका?"

"मशीन में तो ऐसा ही है, सर।"

"और जो चिल्लाए, गड़बड़ उसी की?"

"जो गिरा वही…" दिनकरराव म्हणाले, आणि थांबले. पण तोवर टंडन साहेबांनी चौथं कलम लिहून टाकलं होतं: जो कोणी अपयशाची वार्ता देईल, अपयश त्याचंच समजण्यात यावं.

या चार कलमांचं परिपत्रक पहिल्या जुलैपासून लागू झालं, आणि त्या दिवसापासून निशातगंजमधल्या कार्यालयाच्या दुमजली इमारतीतून एकही उत्तर बाहेर पडलं नाही. आपलं काम झालं नाही असं स्वतःच्या नावानिशी तीन प्रतींत लिहून देणारा माणूस महामंडळात कधीच नव्हता. त्यामुळे नियमाप्रमाणे सगळी कामं झाली. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपासून पडून असलेली चारशे बारा प्रकरणं एका दुपारी निकाली निघाली, आणि हरिहर बाबूंनी ती दोरीने बांधून माळ्यावर चढवली.

ऑगस्टमध्ये सीतापूरचे गोदाम-प्रमुख ईश्वर पाठक लिहून कळवते झाले की गोदामाचं छप्पर गळत आहे. उत्तर गेलं नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं. हे पाहून दिनकररावांना आपले सुरुवातीचे दिवस आठवले आणि त्यांनी आपुलकीने एक खाजगी चिठ्ठी पाठवली, की स्मरणपत्रं देऊ नका, मीही नवखेपणी ती चूक केली आहे; दुसऱ्यांदा विचारलं की फाइलच अस्तित्वात नाही असं कळतं. शेवटी पाठक स्वतःच आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता.

"सर, छत से पानी आ रहा है।"

"आपको हमारे यहाँ से कोई जवाब मिला?" टंडन साहेबांनी विचारलं.

"नहीं सर, यही तो रोना है।"

"तो छत बन चुकी है।"

"पर सर, पानी तो…"

"पाठक जी, अगर छत नहीं बनी है तो आप लिखकर दीजिए। तीन प्रतियों में। कारण सहित। उसमें यह भी लिख दीजिएगा कि छत आपसे क्यों नहीं सँभली।"

पाठक उभ्या उभ्या थोडा वेळ विचार करत राहिले. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती. मग त्यांनी दिनकररावांकडे पाहिलं. दिनकरराव त्या वेळी एक सुतळीचा गुंडा फार बारकाईने तपासत होते. पाठकांनी नमस्कार केला आणि ते जिना उतरून गेले. छप्पर दुरुस्त झाल्याची नोंद झाली. त्या रात्री दिनकररावांना जेवण गेलं नाही. लतिकेने कारण विचारलं तेव्हा त्यांनी ते सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणजे काही घडलंच नाही, असं मनाशी म्हणून पाहिलं.

यश मात्र वाढतच चाललं. सप्टेंबरात कार्यालयाचा टेलिफोन बंद पडला, आणि त्या महिन्यात फोनवरून एकही तक्रार आली नाही. ऑक्टोबरात मुख्यालयातून एक संचालक पाहणीला येणार होते. दिनकरराव आणि हरिहर बाबू झेंडूचा हार घेऊन अमौसीच्या विमानतळावर दोन तास उभे राहिले. विमान आलं, संचालक आले नाहीत. न येण्याबद्दल काही निरोपही आला नाही. तेव्हा टंडन साहेबांनी पाहणी समाधानकारकरीत्या पार पडल्याचा अहवाल केला, आणि हार ड्रायव्हरने गाडीला घातला.

नोव्हेंबरच्या एका बुधवारी मुजतबा साहेब आले तेव्हा दिनकररावांनी त्यांना अभिमानाने पडद्यासमोर नेलं. तीन आठवड्यांपासून यंत्र इतकं तयार झालं होतं की डॉलरचं चिन्हसुद्धा दाखवत नव्हतं. कोणताही हुकूम द्या, पडदा संपूर्ण काळा.

मुजतबा साहेबांनी खाली वाकून मागची वायर पाहिली.

"हुज़ूर," ते हळूच म्हणाले, "ये जल गया है।"

"कब?"

"ये तो वही बता सकता था।"

त्यांनी दुरुस्तीसाठी अर्ज लिहायला कागद मागितला. दिनकररावांनी त्यांना चौथं कलम समजावून सांगितलं. जो अर्ज लिहील, जाळल्याचा दोष त्याचा. मुजतबा साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, कागद परत दिला आणि म्हणाले, "मैंने आपको मशीन का क़ायदा बताया था, काळमेघ साहब। मशीन झूठ नहीं बोलती, इसलिए उसकी चुप्पी पर भरोसा किया जा सकता है। ये बात मैं कहना भूल गया। सोचा था आप जानते होंगे।" त्यानंतरच्या बुधवारी ते आले नाहीत. त्यांचं शिकवणं पूर्ण झाल्याची नोंद झाली.

डिसेंबरात परीक्षेचा निकाल लागायचा होता. तो आला नाही, त्याअर्थी दिनकरराव उत्तीर्ण झाले. टंडन साहेबांनी सर्वांसमक्ष त्यांचं अभिनंदन केलं, समोसे मागवले. आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच वेळी जाहीर केली. लखनौचं परिपत्रक माहितीसाठी मुख्यालयाला आणि देशातल्या सर्व विभागांना गेलं होतं. कुठूनही उत्तर आलं नव्हतं. म्हणजे ते आता देशभर लागू होतं.

दुसऱ्याच दिवशी दिनकररावांनी अमरावतीला बदलीचा आठवा अर्ज केला. या वेळी सोबत 'संगणक-परिचय उत्तीर्ण' असं लिहिलं, खाली दोन ओळी ओढल्या. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, होळी झाली. अमरावतीहून लतिकेच्या भावाचं पत्र आलं, की शाळेत अश्लेषासाठी बोलून ठेवलंय, नववीत एक जागा आहे, पंधरा जूनपर्यंत धरून ठेवतो म्हणालेत.

"बदलीचं काय झालं?" लतिकेने विचारलं.

"झाली," दिनकरराव म्हणाले.

लतिका पोळी लाटता लाटता थांबली. "खरंच? ऑर्डर कुठाय?"

"ऑर्डर आली नाही. म्हणूनच तर झाली."

"म्हणजे?"

दिनकररावांनी तिला सगळी प्रणाली पहिल्यापासून समजावून सांगितली. मौन म्हणजे यश, बोलणं म्हणजे अपयश. सांगताना त्यांच्याच कानांना ते कसंसंच ऐकू आलं. अश्लेषा दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पापा, तो फिर हम जा रहे हैं कि नहीं?" त्या प्रश्नात सबंध महामंडळाला न सुचलेली अक्कल होती.

दुसऱ्या दिवशी ते टंडन साहेबांकडे कार्यमुक्तीचा आदेश मागायला गेले.

"आदेश?" टंडन साहेबांना दुःख झालेलं दिसलं. "काळमेघ जी, आप? आपको आदेश चाहिए? आपका ट्रांसफर तो फ़रवरी में ही हो गया। हमने तो आपका नाम हाज़िरी से काट भी दिया।"

दिनकररावांनी हजेरीपुस्तक पाहिलं. खरंच नाव नव्हतं. एवढे दिवस रजिस्टर समोर येत नव्हतं, त्याचा अर्थ आपली हजेरी लागली असाच त्यांनी घेतला होता.

"तो मैं यहाँ बैठ के क्या कर रहा हूँ, सर?"

"ये कुर्सी तो ख़ाली है," टंडन साहेब सौजन्याने म्हणाले. "आप अमरावती में काम कर रहे हैं। और अच्छा काम कर रहे हैं। वहाँ से आपके ख़िलाफ़ एक भी शिकायत नहीं आई।"

"मग मी जातो ना, सर. मतलब, मैं चला जाता हूँ।"

"जाइए। पर वहाँ जॉइन किस काग़ज़ पर करेंगे? आदेश तो आपके पास है नहीं। वो पूछेंगे, फ़रवरी से कहाँ थे। फिर आपको लिखकर देना पड़ेगा कि ट्रांसफर हुआ नहीं था। तीन प्रतियों में। कारण सहित।" त्यांनी आवाज खाली आणला. "और जिसने लिखा, फ़ेल वही। फ़ेल हुए तो सर्टिफ़िकेट गया। सर्टिफ़िकेट गया तो ट्रांसफर की पात्रता गई। फिर तो जो ट्रांसफर हो चुका है, वो भी रद्द होगा।"

दिनकरराव आपल्या रिकाम्या खुर्चीत परत येऊन बसले. त्यांनी त्या वाक्यांत कुठे फट सापडते का ते दुपारभर पाहिलं. फट नव्हती. पहिली तिन्ही कलमं त्यांच्याच हातची होती आणि ती चांगली घट्ट बसली होती. त्यांनी कागद घेऊन लिहायला सुरुवात केली, 'माझी बदली झालेली नाही', आणि सही करायच्या जागी येऊन त्यांचा हात थांबला. सही केली तर आयुष्यभर लखनौ. न केली तर निदान कागदावर तरी अमरावती. त्यांना सीतापूरच्या पाठकांची आठवण झाली, आणि आपली लाज वाटली. कागद त्यांनी चार घड्या करून खिशात घातला.

मे अखेर लतिकेने ट्रंका भरल्या. दोनच भरल्या. दिनकररावांनी कपाटातले आपले कपडे तिच्या पुढ्यात आणून ठेवले, ते तिने परत कपाटात ठेवले.

"तुमची बदली झालीय ना?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मग आम्ही तुमच्यापाशीच चाललोय. अमरावतीला."

"लतिका, अगं…"

"कारणांसह लिहून द्या. तीन प्रतींत."

चारबाग स्टेशनवर त्यांनी दोघींना गाडीत बसवून दिलं. अश्लेषा खिडकीशी बसली होती. गाडी हलल्यावर ती म्हणाली, "पापा, पहुँचके फ़ोन करेंगे।" दिनकररावांनी बरं म्हणून हात हलवला, आणि टेम्पोने तेलीबागला परत आले.

फोन आला नाही. घरमालकांकडचा फोन चालू होता, दिनकररावांनी दोनदा उचलून पाहिला. चार दिवस गेले. त्यांनीच लिहिलेल्या पहिल्या कलमाप्रमाणे दोघी सुखरूप पोहोचल्या होत्या, शाळेत नाव घातलं गेलं होतं आणि त्यांच्यावर कोणाचाही राग नव्हता. दिनकररावांनी हे कलम मनात म्हणून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्यातल्या एका अक्षराचाही धीर आला नाही. पाचव्या दिवशी ते बाजारातल्या एसटीडीच्या खोक्यात उभे राहिले, मेहुण्याचा नंबर फिरवला, आणि पलीकडे लतिकेचा आवाज आल्यावर त्यांना एवढंच म्हणता आलं, "रागाव, पण काहीतरी बोल."

ती बोलली. बरंच बोलली. दिनकरराव ऐकत राहिले, आणि बाहेरच्या माणसाने काचेवर टकटक केली तरी त्यांनी फोन ठेवला नाही. शेवटी तिने विचारलं, "आता सही करणार आहात का त्या कागदावर?"

दिनकररावांनी उत्तर दिलं नाही.

त्या वर्षी लखनौ विभागाला सर्वोत्कृष्ट कार्यालयाची ढाल जाहीर झाली. ती अजून आलेली नाही, त्याअर्थी मिळालेली आहे.

आपण, वाचक, मघापासून हसत आहात, आणि हसण्यासारखे दिनकरराव आहेतच. पण रस्त्यावरच्या दिव्याबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, त्या अडलेल्या दाखल्याबद्दल आपणही कधीतरी एक अर्ज केला होता. त्याला उत्तर आलं नाही. आपण पुन्हा विचारायला गेला नाहीत. उगाच आपलंच नाव पुढे यायचं. कुठल्यातरी कार्यालयात आपल्या नावासमोर 'अर्जदार समाधानी' अशी नोंद झालेली आहे, आणि तिला आपण आजवर हरकत घेतलेली नाही. ही प्रणाली फार थोडे हुकूम शिकून येते. आपल्याला ती केव्हाच आलेली आहे. प्रमाणपत्र कुठे आहे म्हणून विचारू नका.